आपल्या जिल्ह्यात मारल्या गेलेल्या बायकांची मोजणी कशी ठेवायची

आमच्या गल्लीतली एक वहिनी आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाणार होती, पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि आदल्या रात्री ती जळाली. पेपरात चार ओळी आल्या, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्या घरात गॅस येऊन चार वर्षं झाली होती आणि स्टोव्ह माळ्यावर पडला होता हे सगळ्या गल्लीला माहीत, पण पोलिसात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, तेराव्याचं जेवण झालं, विषय बंद. मला मात्र एकच गोष्ट खात राहिली, की वर्षाच्या शेवटी सरकार आकडे काढेल तेव्हा ही बाई कुठल्या रकान्यात बसेल? शोधलं तर कळलं की ती खुनात नाही, हुंडाबळीत नाही, अपघातात आहे. तेव्हापासून मी वही ठेवते. मी अमळनेरची, शाळेत शिकवते, पोलीस किंवा वकील कोणी नाही. हे काम कोणीही करू शकतं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे कोणीतरी करायला पाहिजे, म्हणून पद्धत सविस्तर लिहितेय.

वही उघडायच्या आधी सरकारी आकडे वाचता आले पाहिजेत, नाहीतर आपण का मोजतोय तेच कळत नाही. एनसीआरबी म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो, त्यांचा क्राइम इन इंडिया नावाचा अहवाल वेबसाइटवर फुकट मिळतो. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, २०२३ चा यायला २०२५ उजाडलं, म्हणजे ताजा आकडा नेहमी शिळाच असतो. त्यात महिलांवरील गुन्हे असं वेगळं प्रकरण आहे, २०२२ ला देशभरात ४,४५,२५६ गुन्हे, त्यातले ३१.४ टक्के नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे. हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे, म्हणजे रोजचे सतरा-अठरा. आता इथे नीट लक्ष द्या, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. या प्रकरणात बाईचा साधा खून मोजलेलाच नसतो. नवऱ्याने कुऱ्हाड घातली आणि हुंड्याचा विषय नव्हता, तर तो खून वेगळ्या प्रकरणात, पुरुषांच्या खुनांसोबत जातो. तिथे बघितलं तर २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे आणि खून झालेल्यांत ८,१२५ बायका. पण त्या ८,१२५ जणींना मारणारा कोण होता, नवरा, भाऊ, दीर, शेजारी की चोर, याचा तक्ता नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपी ओळखीचा होता का, नात्यातला होता का हे एनसीआरबी देतं, खुनात देत नाही. खुनात फक्त कारणं देतात, कौटुंबिक वाद, प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध, जादूटोणा अशी. कारण म्हणजे बहुतेक वेळा आरोपीने पोलिसांना सांगितलेली गोष्ट असते, तीच तक्त्यात छापली जाते.

दुसरी गोम म्हणजे एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजताना सगळ्यात मोठ्या शिक्षेचं एकच धरतात. खून आणि छळ दोन्ही लावले असतील तर ती बाई खुनात मोजली, छळाच्या तक्त्यातून गेली. म्हणजे तिचा मरण्याआधीचा सगळा छळ आकड्यातून पुसला.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त छळणारी. हुंडाबळीचं कलम लग्नाच्या सात वर्षांच्या आतल्या मृत्यूलाच लागतं, आणि मरणाच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला होता हे दाखवावं लागतं. आठव्या वर्षी मेली तर ती या रकान्यात नाही. सात वर्षांच्या आत असेल तर पंचनाम्याला सहसा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात, पेपरात तसं आलं असेल तर लग्न नवं होतं हे त्यावरून कळतं, नोंदीत लिहा.

आणि जळाल्याचं काय? २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास आला होता. त्यात २००१ या एका वर्षात भारतात जळून १,६३,००० पेक्षा जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज काढला, त्यात सुमारे १,०६,००० बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या, आणि पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहा पट. सगळ्या काही खून नव्हेत, पण स्वयंपाक तर साठीच्या सासूबाईही करतात, मग मरणाऱ्या एवढ्या तरुण का, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा.

आता वही. पहिलं ठरवायचं की कोणाला मोजायचं, आणि ते पहिल्याच पानावर लिहून ठेवायचं, नंतर बदलायचं नाही. लंडनमध्ये कॅरन इंगाला स्मिथ नावाच्या बाईंनी जानेवारी २०१२ पासून हे काम एकटीने सुरू केलं, त्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांतच ब्रिटनमध्ये आठ बायका पुरुषांच्या हातून गेल्या होत्या असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा नियम साधा, पुरुषाने मारलेली प्रत्येक बाई, मग तो नवरा असो, मुलगा असो की अनोळखी. पुढे त्यातूनच फेमिसाइड सेन्सस, म्हणजे मारल्या गेलेल्या बायकांची मोजणी, उभा राहिला, पोलिसांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून करून त्यांनी २००९ ते २०१८ या दहा वर्षांत ब्रिटनमधल्या १,४२५ जणी मोजल्या, सरासरी दर तीन दिवसांना एक, आणि त्यातल्या ६२ टक्के नवऱ्याने, जोडीदाराने किंवा सोडलेल्या जोडीदाराने मारलेल्या. हे कुठल्या सरकारी खात्याने सुरू केलेलं नाही, एका बाईने सुरू केलं.

आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा चालत नाही, कारण इथे सासू, नणंद, जेठ सगळे मिळून असतात आणि आत्महत्या म्हणून झाकलेलं खूप असतं. म्हणून मी तीन याद्या ठेवते. पहिली यादी खुनाची, गुन्हा खुनाचा दाखल आहे आणि आरोपी पुरुष आहे, एकटा किंवा घरच्यांसोबत. दुसरी, हुंडाबळी किंवा आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. तिसरी यादी अकस्मात मृत्यूंची, लग्न झालेली तरुण बाई, जळून, विहिरीत, फवारणीचं औषध पोटात जाऊन, गळफास. तिसऱ्या यादीला मी कधीच खून म्हणत नाही, कुठे बोलताना त्यात मिळवतही नाही, पण लिहिते. कारण तीन महिन्यांनी व्हिसेराचा (पोटातल्या अवयवांच्या तपासणीचा) रिपोर्ट येतो, कधी माहेरचे उशिरा फिर्याद देतात, आणि मग ती नोंद तिसऱ्यातून दुसऱ्यात नाहीतर पहिल्यात जाते. तारीख टाकून सरकवायची, जुनी ओळ खोडायची नाही. या तीन याद्यांची सरमिसळ केली की समोरचा एक चूक पकडतो आणि तुमची सगळी वही खोटी ठरवतो.

कुठून गोळा करायचं? रोजचा पेपर, पण मुख्य पान नाही, तालुक्याचं पान. जळगाव आवृत्तीत चोपडा, यावल, पारोळ्याचं येतं, शिरपूर-साक्रीचं धुळे आवृत्तीत, म्हणून किमान दोन आवृत्त्या बघायच्या, ई-पेपर असेल तर कात्रण मोबाइलवर तारखेसकट सेव्ह करायचं. लोकल न्यूज पोर्टल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं फक्त खूण म्हणून घ्या, दुसरीकडून पक्कं झाल्याशिवाय वहीत नाही. मग महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा भाग आहे, तिथे जिल्हा, पोलीस ठाणं, तारीख टाकली की एफआयआर दिसतो. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून. एफआयआर मिळाला की गुन्हा रजिस्टर नंबर लिहून घ्या, ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण पेपर नाव चुकवतो, वय चुकवतो, गाव चुकवतो, नंबर पक्का असतो.

कलमांचा घोळ होतो म्हणून हे भिंतीवर चिकटवून ठेवा. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर भादंवि म्हणजे भारतीय दंड विधान, खून ३०२, हुंडाबळी ३०४ब, आत्महत्येस प्रवृत्त करणं ३०६, छळ ४९८अ. त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता, तिथे तेच १०३, ८०, १०८ आणि ८५.

माहितीचा अधिकार वापरायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, महाराष्ट्राच्या नियमात तसंच आहे. मी पहिल्यांदा तीन पानांचा अर्ज लिहिला होता, बायकांवरच्या अत्याचारांची सर्व माहिती द्यावी असं, आणि तो परत आला, एका ओळीचं उत्तर लावून. आता मी एकच विचारते, अमुक पोलीस ठाणं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, अमुक कलमाखाली नोंद झालेल्या आणि मयत स्त्री असलेल्या गुन्ह्यांचे नंबर, तारीख आणि आरोपीचं मयताशी नातं. नावं मागायची नाहीत, तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती म्हणून नाकारतात आणि मोजणीला ती लागतही नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्यालाही मुदत तीस दिवसांचीच, कंटाळून सोडू नका.

रकाने किती ठेवायचे? सुरुवातीला मी बत्तीस ठेवले होते आणि महिन्यात दमले. आता एवढेच, नाव, घटनेची तारीख, मृत्यूची तारीख (जळालेली बाई आठ-दहा दिवसांनी जाते, दोन्ही तारखा वेगळ्या लागतात), गाव आणि पोलीस ठाणं, वय, लग्नाला किती वर्षं, मुलं किती आणि तेव्हा घरात होती का, मारणाऱ्याशी नातं, कशाने, आरोपी काय म्हणाला, आधी कधी तक्रार केली होती का, गुन्हा नंबर, कलम, आणि शेवटी कोर्टात काय झालं. नातं हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. कळलंच नाही तर कळलं नाही असं लिहा, म्हणजे वर्षाच्या शेवटी किती ठिकाणी कळलं नाही तेही मोजता येतं. घरी असेल तर गूगल शीट, नसेल तर दोनशे पानी वही, मी दोन्हीत लिहिते कारण एकदा फोन पडला होता.

पेपरची भाषा वाचणं ही वेगळीच विद्या आहे, इथे जरा थांबते. चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून, हे तुम्ही शंभर वेळा वाचलंय. संशय त्याचा, चारित्र्य तिचं, आणि हेडिंगमध्ये डाग तिलाच. वहीत मी कारण असा रकानाच ठेवत नाही, आरोपी काय म्हणाला असा ठेवते, फरक मोठा आहे. क्षुल्लक कारणावरून, भाजी खारट झाली म्हणून, जेवायला उशीर झाला म्हणून, दारूला पैसे दिले नाहीत म्हणून, हे सगळं त्याच रकान्यात. मग रागाच्या भरात. रागाच्या भरात असं लिहिलेल्या बातमीत खाली शेवटच्या परिच्छेदात बघा, तिचा भाऊ सांगत असतो की दोन वर्षांपासून मारत होता, दोनदा माहेरी आली होती, पंच बसले, समजूत घालून परत पाठवली. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, तीच कापून ठेवा. आपल्याकडे पंच बसतात तेव्हा म्हणतात ना, भांडनं ते हर घरमा व्हतस, आणि पोरीला गाडीत बसवून देतात. माझ्या वहीत माहेरी येऊन परत पाठवलेली असा रकाना मी नंतर वाढवला, आणि तो भरताना हात जड होतो.

विवाहितेची आत्महत्या आणि सोबत नातेवाइकांचा आक्रोश, मृतदेह ताब्यात घ्यायला नकार, असं आलं की ती नोंद तिसऱ्या यादीत टाका आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त, २२,७४६. आणि आत्महत्या केलेल्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त गृहिणी, २५,३०९. या आकड्यातल्या किती जणी मुळात आत्महत्या नव्हत्याच हे तो आकडा सांगू शकत नाही.

हद्दीचा प्रश्न खान्देशात फार येतो. साक्रीची बाई धुळ्याच्या सिव्हिलला मेली, चोपड्याची जळगावला मेली, तर आधी शहरातल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते आणि मग मूळ ठाण्याला वर्ग होते. दोन पेपरांत दोन गावांच्या नावाने एकच बाई येते, दोनदा मोजू नका, वय आणि घटनेची तारीख जुळवून बघा. दुसरं म्हणजे सुरत. आपले किती संसार लिंबायत-उधन्याला आहेत, बाई तिकडे मारली जाते आणि अंत्यविधी इकडे शिंदखेड्यात होतो. गुन्हा गुजरातमध्ये, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या आकड्यात ती नाही, बरोबरच आहे, पण मी वहीच्या मागच्या पानावर बाहेर गेलेल्या म्हणून वेगळं लिहिते. ऊसतोडीला गेलेल्यांचंही तसंच, आणि तिकडून बऱ्हाणपूर, सेंधव्याचंही. सातपुड्यात अजून एक, डाकीण म्हणून मारलेली बाई. अक्कलकुवा, धडगावकडच्या बातम्या वाचताना जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धेचा खून असं दिसलं तर ती पहिल्या यादीत घ्या, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लावला का तेही लिहा. बऱ्याचदा मारणारा भाऊबंदच असतो आणि जमिनीचा तुकडा मध्ये असतो, म्हणून नातं नक्की विचारा.

कोर्टाचं थोडक्यात. ई-कोर्ट्सच्या साइटवर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकलं की केस कुठे आहे ते दिसतं. वर्षातून दोनदा बघा, त्याहून जास्त बघून उपयोग नाही, तारखाच पडत असतात. निर्दोष सुटला तर तसं लिहा, आणि पहिल्या यादीतल्या त्या ओळीपुढे खूण करा, आकडा सांगताना ते सांगावं लागतं.

आता आकडा लोकांसमोर मांडताना. तालुक्यात गेल्या वर्षी एक आणि यंदा तीन, तर तिप्पट वाढ असं कधीच म्हणू नका, एवढ्या छोट्या आकड्यात एक घर इकडचं तिकडे झालं तरी तिप्पट होतं. किमान पाच वर्षं एकत्र घ्या, तिन्ही जिल्हे एकत्र घ्या (२०११ च्या जनगणनेत मिळून ७९ लाखांवर लोक, जळगाव एकटा ४२ लाख), मग काही बोलता येतं. तुमचा आकडा म्हणजे कमीत कमी एवढ्या, असंच सांगा.

आणि एक प्रश्न दर वेळी येतो, सभेत येतो, स्टाफरूममध्ये येतो, की ताई, पुरुष तर जास्त मरतात. खरं आहे, खोटं नाही, मान्य करा. आपल्याकडे खून होणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास पुरुष, जगात ऐंशी. पण कुठे आणि कोणाकडून ते विचारा. संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा अंदाज आहे, जगात त्या वर्षी ८५,००० बायका-मुली मारल्या गेल्या, त्यातल्या ५१,१०० जोडीदाराने किंवा घरच्याच माणसाने, रोजच्या १४०, म्हणजे शंभरातल्या साठ. पुरुषांमध्ये घरच्यांकडून मारले जाणारे शंभरात बारा. पुरुषाला रस्त्यावर धोका जास्त, बाईला घरात. एवढं शांतपणे सांगितलं की बरेच जण ऐकून घेतात, आरडाओरडा केला की कोणीच ऐकत नाही.

मेलेल्या बाईचं नाव लिहायचं का? वहीत हो, बाहेर नाही, जोपर्यंत माहेरचे स्वतः म्हणत नाहीत. बलात्कार असेल तर मेल्यानंतरही नाव, गाव, फोटो काहीच द्यायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटनच्या संसदेत खासदार जेस फिलिप्स २०१६ पासून दर वर्षी महिला दिनाच्या चर्चेत मागच्या वर्षभरात मारल्या गेलेल्यांची नावं वाचून दाखवत आल्यात, मला ते फार भावतं, पण इथे मागे दोन लेकरं असतात, ती त्याच गावात शाळेत जातात, माझ्याच वर्गात एक होता.

शेवटचं, मोजता मोजता एखादी जिवंत बाई समोर येतेच. वही ठेवणाऱ्याकडे लोक बोलायला येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २५.२ टक्के, म्हणजे चारातल्या एका विवाहितेने नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलंय, आणि देशात मार खाणाऱ्या दर शंभरातल्या सत्त्याहत्तर जणी मदत मागत नाहीत आणि कोणाजवळ बोलतही नाहीत. म्हणून बोलली की ऐका, आणि एक गोष्ट नक्की विचारा, त्याने कधी गळा दाबला होता का. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात दिसलं की आधी गळा दाबला गेला असेल तर पुढे खून होण्याची शक्यता सात पटींनी जास्त. बायका हे सांगताना सहज सांगतात, वळ उठत नाही म्हणून, नुसतं धरलं होतं म्हणून. ते नुसतं धरणं नसतं. मारून टाकीन अशी धमकी, घर सोडून निघण्याची तयारी चालू असणं, आणि निघाल्यानंतरचे पहिले काही महिने, हे सगळ्यात धोक्याचे दिवस. अशा बाईला समजूत घालून परत पाठवू नका, आणि एकटीने घर सोड असंही वरवर सांगून मोकळं होऊ नका. अंगावर प्रसंग असेल तर ११२, सल्ला-मदतीला १८१, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्यामार्फत नवऱ्याला जेलमध्ये न टाकताही घरात राहण्याचा आणि त्याला लांब ठेवण्याचा आदेश कोर्टातून मागता येतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ती पोलिसात गेली आणि नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली तरी त्याची कॉपी मागायला सांगा, एक फोटो तिच्या भावाच्या फोनमध्ये, एक तुमच्या, आणि कागद सासरच्या घरात ठेवायचा नाही.